'पहेली'तली लच्छी, तिचा नवरा आणि ते भूत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमोल पालेकरांचा 'पहेली' (२००५) मी आजवर बऱ्याच जणांना आग्रह करकरून दाखवलाय. सिनेमा संपला की काही जण गाणी गुणगुणत उठतात, तर काही जण तिथेच बसून वाद घालायला लागतात. नंतर फोनवर, चिठ्ठ्यांतून, लग्नकार्यात कोपऱ्यात गाठून येणारे प्रश्न मात्र साधारण तेच असतात. ते एकदाच नीट लिहून काढले आहेत. प्रश्न १४ पासून पुढे शेवट उघड केलाय. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनी तिथे थांबावं.

१. 'पहेली' नेमका कशावर आहे? भुताचा सिनेमा, प्रेमकथा की आणखी काही?

राजस्थानातल्या एका व्यापारी घराण्यात लच्छी (राणी मुखर्जी) लग्न होऊन येते. वऱ्हाड परतताना वाटेत विसाव्याला थांबतं, तिथल्या एका भुताची नजर तिच्यावर पडते आणि ते तिच्या प्रेमात पडतं. नवरा किशनलाल (शाहरुख खान) पहिल्या रात्री हिशेबाच्या वह्या पुऱ्या करतो आणि सकाळी पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. मग भूत किशनलालचं रूप घेऊन घरी येतं (हाही शाहरुखच). पुढची चार वर्षं काय होतं आणि खरा नवरा परतल्यावर काय होतं, ही गोष्ट.

भूत आहे, प्रेमही आहे. पण माझ्या लेखी हा सिनेमा लच्छीचा आहे. त्याचं कारण प्रश्न ६ मध्ये.

२. ही कुठल्या काळातली गोष्ट आहे?

साल सांगितलेलं नाही आणि शोधूही नये. आगगाडी दिसत नाही, उंट आहेत, हवेल्या आहेत, मोहरा आहेत, न्यायाला राजाकडे जायचं आहे. आपल्या आजीच्या गोष्टीतला 'आटपाट नगर होतं' हा जो काळ असतो, तोच हा. कपड्यांवरून किंवा दागिन्यांवरून शतक ठरवायला बसलात तर हाती काही लागणार नाही. रवी के. चंद्रन यांचा कॅमेराही वाळवंट रखरखीत दाखवण्यापेक्षा गोष्टीच्या पुस्तकातल्या चित्रासारखा रंगवतो. काहींना ते फार गुळगुळीत वाटतं. मलाही अधूनमधून वाटतं.

३. मूळ गोष्ट कोणाची? खरंच लोककथा आहे का?

विजयदान देथा यांची 'दुविधा'. देथा (१९२६–२०१३) जोधपूर जिल्ह्यातल्या बोरूंदा गावचे, लोक त्यांना 'बिज्जी' म्हणत. गावात ऐकलेल्या गोष्टी त्यांनी राजस्थानीत लिहून काढल्या. 'बातां री फुलवाडी' या नावाने त्यांचे चौदा खंड झाले आणि त्यातल्या दहाव्या खंडाला १९७४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लोककलांचे अभ्यासक कोमल कोठारी यांच्याबरोबर त्यांनी बोरूंद्यातच रूपायन संस्थान ही लोकसाहित्याची संस्था उभी केली.

तर लोककथा आहे का? हाडं लोककथेची, पण मांस देथांचं. लोककथेत माणसं कृती करतात, फार विचार करत नाहीत. देथांकडे भूतसुद्धा विचारात पडतं. नवरीला पाहिल्यावर त्याच्या मनात तिच्या अंगात शिरायचं येतं, पण तिला त्रास होईल म्हणून ते शिरत नाही. मराठीत आपण 'भुताने झपाटलं' म्हणतो, इथे उलट भूतच झपाटलेलं आहे.

४. 'गोलमाल'मधले अमोल पालेकर या वाटेला कसे गेले?

हा प्रश्न ज्यांनी त्यांचे फक्त हिंदी सिनेमे पाहिलेत तेच विचारतात. पालेकर मूळचे जे. जे.मध्ये शिकलेले चित्रकार, मग नाटकवाले, मग नट, आणि १९८१च्या 'आक्रीत'पासून दिग्दर्शक. त्यांनी केलेले मराठी सिनेमे जरा ओळीने आठवून पाहा. जी. ए. कुलकर्णींच्या कथेवरचा 'कैरी', त्यात एक लहान मुलगी आणि तिची मावशी. र. धों. कर्व्यांवरचा 'ध्यासपर्व', म्हणजे संततिनियमन आणि स्त्रीच्या शरीरसुखाचा हक्क. आणि 'पहेली'च्या दोनच वर्षं आधीचा 'अनाहत'. त्यात राजाकडून वारस होत नाही म्हणून राणीला नियोगासाठी एका रात्रीपुरता दुसरा पुरुष निवडायला लावतात, आणि त्या एका रात्रीनंतर राणी पूर्वीची राहत नाही.

'अनाहत'नंतर 'पहेली' पाहिला तर सांधा चटकन दिसतो. बाईला काय हवंय हे तिला विचारलं तर काय होतं, हाच प्रश्न पालेकर फिरून फिरून विचारत आलेत. 'पहेली'त फक्त त्याच्या अंगावर गोटापट्टीची ओढणी आहे.

५. यात मराठी मंडळी कोण कोण आहेत?

पटकथा संध्या गोखले यांची, दिग्दर्शक पालेकर. पडद्यावर दिलीप प्रभावळकर, नीना कुळकर्णी, आदिती गोवित्रीकर. गाण्यात बेला शेंडे. प्रभावळकरांना पागोट्यात पाहून पहिल्या मिनिटाला हसू येतं, दुसऱ्या मिनिटाला ते मारवाडीच वाटायला लागतात.

६. लच्छीचं तर सुरुवातीलाच लग्न होतं. मग याला 'वयात येण्याची गोष्ट' का म्हणायचं?

कारण आपल्याकडे लग्न झालं की मुलगी मोठी झाली असं धरून चालतात, आणि हा सिनेमा तेच धरून चालायला नकार देतो.

देथांच्या गोष्टीत एक प्रसंग आहे. वऱ्हाडाच्या वाटेवर केरचं झुडूप दिसतं. केर-सांगरीच्या भाजीतलं केर तेच. त्याला पिकून लाल झालेली फळं लगडलेली असतात, त्यांना तिकडे 'ढालू' म्हणतात. नवरीला ती खावीशी वाटतात. नवरा सांगतो, असली रानफळं गावंढळ लोक खातात, तुला हवं तर खजूर खा, खोबरं खा. लग्नाचा खर्च वहीत मांडणं त्याचं चालूच असतं. अख्खा संसार त्या एका झुडपापाशी कळतो. तिला हवं होतं ते फुकट होतं, हाताच्या अंतरावर होतं, आणि तिने मागितलंही होतं. ते तिला मिळालं नाही, कारण ते नवऱ्याच्या हिशेबात बसत नव्हतं.

सिनेमातली लच्छी सुरुवातीला अल्लड आहे, मैत्रिणींत खिदळणारी. सासरी आल्यावर एका रात्रीत गप्प होते. पुढे ती मोठी होते ती लग्नाने नाही की बाळंतपणानेही नाही. तिच्यासमोर एक अवघड खरं ठेवलं जातं आणि 'तू ठरव' म्हटलं जातं, तेव्हा ती मोठी होते. तो प्रसंग प्रश्न १० मध्ये.

७. कुठला नवरा लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पाच वर्षांसाठी जाईल? हे अतिशयोक्त नाही का?

मुळीच नाही, उलट गोष्टीतला सगळ्यात वास्तव भाग हाच आहे. मारवाड-शेखावाटीतले व्यापारी 'दिसावर'ला जात, म्हणजे परमुलुखात धंद्याला. मुहूर्त बघून निघत आणि वर्षानुवर्षं परतत नसत. मागे हवेली, आईवडील आणि बायको. आपल्या खानदेशात, नगरात, जालन्यात, वऱ्हाडात जी जुनी मारवाडी दुकानं दिसतात, ती याच वाटेने आलेल्यांची. जमनालाल बजाज सीकरजवळच्या खेड्यात जन्मले आणि दत्तक गेले ते वर्ध्याच्या अशाच एका पेढीत.

आणि मारवाड्यांकडे बोट कशाला दाखवायचं? कोकणातल्या कितीतरी घरांतले पुरुष गिरणीत होते. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येणार, बाकी वर्षभर बायको शेत, गुरं आणि सासू सांभाळत गावी. माझ्या आजीचं सगळं तरुणपण असंच गेलं. हा प्रसंग बघताना ती नुसतं 'हं' म्हणाली होती. आमच्यातल्या एकाही मुंबईकराला त्यावर काही बोलता आलं नाही.

८. भूत आहे, पण भीती का वाटत नाही? लहान मुलांना दाखवावा का?

भीती दाखवायचीच नाहीये. आपल्याकडची भुतं एकेका कामाला नेमलेली असतात. मुंजा पिंपळावर, आसरा विहिरीत, चकवा रानात वाट चुकवायला. या भुताला मात्र काही काम नाही आणि कोणावर सूडही घ्यायचा नाही. त्याचं आधीचं आयुष्य काय होतं तेही सांगितलेलं नाही. खरं तर या गोष्टीत भूत हे सोयीचं नाव आहे. घराण्याला, जातीला, वडिलांना, हिशेबाला बांधील नसलेला पुरुष दाखवायचा होता, आणि त्या समाजात असा जिवंत पुरुष सापडणं कठीण होतं.

मुलांचं म्हणाल तर आठ-दहा वर्षांच्या पोरांना उंट, बाहुल्या आणि दोन शाहरुख यांत मजा येते. त्यांच्या प्रश्नांची तयारी मात्र ठेवा. आमच्याकडच्या एका पुतण्याने चारचौघांत विचारलं, "मग बाळ कोणाचं?" (प्रश्न १८ पाहा.)

९. मधूनमधून बोलणाऱ्या बाहुल्या कशासाठी?

त्या कठपुतळ्या. गोष्ट त्याच सांगतात आणि त्यांना आवाज दिलाय नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक शाह यांनी. राजस्थानात हा खेळ भाट मंडळी करतात. लाकडी डोकं, खाली पाय नसलेला लांब घागरा, वरून दोऱ्या, आणि तोंडात 'बोली' नावाची बारीक पिपाणी धरून काढलेला चिरका आवाज. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे नवं वाटणार नाही.

बाहुल्या असल्याने दोन गोष्टी साधतात. एक, सुरुवातीलाच कळतं की ही 'गोष्ट' आहे, बातमी नाही. दुसरी जरा टोचणारी. दोऱ्या दुसऱ्याच्या हातात असलेल्या बाहुल्या, आपल्या मनाने वागायला निघालेल्या बाईची गोष्ट सांगतात. ही गंमत सिनेमा मुद्दाम अधोरेखित करत नाही, हे फार बरं झालं.

१०. लच्छीला माहीत असतं का तो नवरा नाही ते? माहीत असूनही ती राहते, म्हणजे हे व्यभिचाराचं कौतुक नाही का?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच, आणि तो विचारणाऱ्यांत बायकाही कमी नाहीत.

माहीत असतं. भूत सासऱ्याला फसवतं, रोज पाच मोहरा देऊन त्याचं तोंड गोड करतं. गावाला फसवतं. पण पहिल्याच रात्री लच्छीला खरं सांगून टाकतं, की मी तुझा नवरा नव्हे, त्याचं रूप घेतलेलं भूत आहे. ते गप्प बसलं असतं तरी कोणाला पत्ता लागला नसता. मग का सांगितलं? कारण गप्प राहून मिळालेली लच्छी ही त्याला मिळालेली लच्छी नसती, किशनलालला मिळालेली असती.

आता बाजू मांडून पाहू. लग्न ठरवताना तिला विचारलं नव्हतं. पाच वर्षांसाठी जाताना नवऱ्याने विचारलं नाही, नुसतं कळवलं. पहिल्यांदा तिच्या होकार-नकाराला किंमत आली ती एका भुतासमोर. व्यभिचार म्हणायला माझी हरकत नाही, धर्मशास्त्राच्या वहीत तो तिथेच नोंदवला जाईल. पण त्याच वहीत, लग्नाच्या बायकोला पाच वर्षं टाकून जाण्याला काय नाव आहे, तेही बघा. माझ्या आजीने सिनेमा संपल्यावर एवढंच म्हटलं, "भूत निदान विचारतं तरी."

एक मात्र कबूल. मोहरा मोजताना सासरा खूश, घरातली माणसं खूश, म्हणून भुताचा संसार सुखाने चालला. गरीब भूत असतं तर? गोष्ट त्या वाटेला जात नाही.

११. ही तर 'नागमंडल'चीच गोष्ट झाली की! कोणी कोणाची उचलली?

कोणी कोणाची नाही. नवऱ्याचं रूप घेऊन दुसराच येतो ही कल्पना फार जुनी आहे. अहल्या आणि इंद्र आठवा. वाल्मीकी रामायणात तर अहल्या मुनीच्या वेषातल्या इंद्राला ओळखते. गिरीश कार्नाडांचं 'नागमंडल' हे नाटक (१९८८) ए. के. रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या कन्नड लोककथांवर उभं आहे.

फरक मोठा आहे आणि तो प्रश्न १० शी जोडलेला आहे. 'नागमंडल'मधल्या राणी नावाच्या नायिकेला रात्री येणारा नवरा नाग आहे हे सांगितलेलं नसतं. दिवसाचा दुष्ट नवरा आणि रात्रीचा प्रेमळ नवरा एकच, असं समजून ती निभावते. लच्छीला सांगितलेलं असतं. राणीचं दिव्य गावासमोर होतं, लच्छीचं पहिल्याच रात्री, एकटीचं.

१२. जुही चावला आणि सुनील शेट्टीचं उपकथानक का घुसवलंय?

मोठा भाऊ सुंदरलाल उंटांची शर्यत हरला आणि शरमेने घर सोडून गेला. त्याची बायको गजरोबाई मुलाला घेऊन सासरीच राहिली. म्हणजे या घरातला एक मुलगा पैशासाठी बायकोला सोडून जातो, दुसरा अब्रूसाठी. गजरोबाई म्हणजे आणखी दहा वर्षांनंतरची लच्छी, भूत न भेटलेली. जुही चावलाने थोडक्यात फार चांगलं काम केलंय. शर्यत मात्र लांबली आहे, तेवढ्यात चहा टाकून यायला हरकत नाही.

१३. गाणी, ऑस्कर, ती सुंदर पायऱ्यांची विहीर... याबद्दलही सांगाल का?

थोडक्यात सांगतो.

संगीत एम. एम. क्रीम यांचं, म्हणजे तेच एम. एम. कीरवाणी ज्यांना २०२३ मध्ये 'आरआरआर'मधल्या गाण्यासाठी ऑस्कर मिळालं. गीतं गुलजारांची. 'धीरे जलना'साठी श्रेया घोषालला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझ्या आवडीचं मात्र हरिहरन आणि बेला शेंडेचं 'खाली है तेरे बिना'. ते हेडफोन लावून ऐका, स्वयंपाकघरात लावू नका. फोडणी करपते, अनुभव आहे.

ऑस्करसाठी भारताकडून हाच सिनेमा पाठवला होता, ७८व्या सोहळ्यासाठी. अंतिम पाचांत आला नाही. इथे तिकीटबारीवरही त्याने फार मजल मारली नाही. शाहरुखच्या चाहत्यांना भूत थंड वाटलं आणि समांतर सिनेमावाल्यांना रंग भडक वाटले. बिचारा मधल्या मध्ये सापडला.

बावडी म्हणजे टोंक जिल्ह्यातल्या टोडारायसिंहची हाडी रानीची बावडी. पायऱ्यांची ती भौमितिक नक्षी खरी आहे, सेट नाही. जयपूरकडे जाणार असाल तर वाट वाकडी करून बघण्यासारखी आहे. आणि इथल्या इथे बारव बघायची हौस असेल तर साताऱ्याजवळ लिंबची बारामोटेची विहीर आहेच.

१४. (इथून पुढे शेवट.) मेंढपाळाच्या परीक्षांचा अर्थ काय? एवढं हुशार भूत इतक्या सोप्या सापळ्यात कसं सापडतं?

लच्छी बाळंत होते तेव्हाच खरा किशनलाल परततो. दोन किशनलाल समोरासमोर, बापालाही ओळखता येईना. सगळे राजाकडे न्याय मागायला निघतात. वाटेत एक मेंढपाळ (अमिताभ बच्चन) भेटतो आणि म्हणतो, यासाठी राजा कशाला, मीच निवाडा करतो. तो तीन परीक्षा घेतो. निखारे हाताने उचलायचे, पांगलेली मेंढरं गोळा करायची, आणि शेवटी चामड्याच्या पाण्याच्या पिशवीत शिरून दाखवायचं. माणूस त्यात शिरणं शक्यच नाही. भूत शिरतं आणि तोंड आवळलं जातं.

'बनगरवाडी' केलेल्या दिग्दर्शकाने न्याय धनगराच्या हाती द्यावा हे मला फार आवडतं. सापळ्याबद्दल मात्र मेंढपाळाला श्रेय द्यायला मी तयार नाही. भुताला कळत नव्हतं असं नाही. जो खरा असेल तो शिरेल, असं म्हटल्यावर मागे राहणं त्याला जमलं नाही. नाव खोटं, रूप खोटं, पण प्रेम खरं होतं, आणि ते सिद्ध करायची पहिलीच संधी चालून आली होती.

एक गोष्ट पुन्हा पाहताना लक्षात येते. खरा कोण हे नेमकं सांगू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ती घरी होती, तान्ह्या मुलीपाशी. वाळवंटात जमलेल्या इतक्या शहाण्या पुरुषांपैकी एकालाही तिला बोलावून विचारावंसं वाटलं नाही.

१५. शेवटी लच्छीकडे येतो तो नक्की कोण? किशनलाल की भूत?

शरीर किशनलालचं, आत भूत. पिशवीतून सुटून ते त्याच्या अंगात शिरतं. लच्छीला हे कळतं ते मुलीच्या नावावरून. 'लुणी' हे नाव त्या दोघांनीच ठरवलेलं होतं, खऱ्या किशनलालला ते माहीत असण्याचं कारण नाही. तो नाव उच्चारतो आणि तिचा चेहरा बदलतो. राणी मुखर्जीचे ते काही क्षण बारकाईने पाहा. आधी भीती, मग शंका, आणि मग हसू यायच्या आधीच डोळ्यांत पाणी.

१६. मग 'दुविधा'चा शेवट वेगळा आहे का? आणि मणी कौल यांचा सिनेमा आधी बघू की हा?

अगदी वेगळा. देथांच्या गोष्टीत पिशवी फेकून दिली जाते, भूत परतत नाही, आणि बाई नवऱ्याच्या घरी राहते. मणी कौल यांनी १९७३ साली याच गोष्टीवर 'दुविधा' केला, तोही बोरूंद्यात जाऊन, देथांच्याच गावात. त्यांनी शेवट बदलला नाही. नवरी झाली होती चित्रकार अकबर पदमसींची मुलगी रायसा. छायाचित्रण नवरोज काँट्रॅक्टर यांचं, संगीत लोककलावंतांचं. त्यासाठी कौल यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सिनेमा दीड तासाहून कमी, पण घाईच्या दिवशी बघू नका. त्यात माणसं फार बोलत नाहीत. हात, ओढणीची कड, भिंतीचा पांढरा रंग हेच बराच वेळ समोर राहतं. माझा सल्ला, आधी 'पहेली' बघा, मग 'दुविधा'. उलट केलंत तर 'पहेली' तुम्हाला पोरकट वाटेल, आणि ते त्याच्यावर अन्यायाचं होईल.

शेवटाबद्दल माझं मत विचाराल तर, पालेकरांनी दिलेला आनंद मला हवासा वाटतो, पण पुरता पटत नाही. पहिल्या रात्री भूत लच्छीला विचारून आलं होतं. शेवटच्या रात्री ते न विचारता आलं, आणि एका जिवंत माणसाच्या अंगात शिरून आलं. सुरुवातीला जे करायचं त्याने टाळलं होतं (प्रश्न ३), तेच शेवटी केलं. तिच्या अंगात नाही, नवऱ्याच्या अंगात.

१७. म्हणजे खऱ्या किशनलालवर अन्यायच झाला ना? त्याने तर कोणाचं काही वाईट केलं नव्हतं.

झाला. हा प्रश्न मला बहुतेक वेळा पुरुषांनीच विचारलाय, पण म्हणून तो चुकीचा ठरत नाही. किशनलाल दुष्ट नाही. बापाच्या आज्ञेत वाढलेला, मुहूर्तावर निघालेला, चार वर्षं राबलेला मुलगा आहे तो. बायकोशी दोन शब्द बोलायचे असतात हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. शाहरुखने या भोळसट, जरा बावरलेल्या नवऱ्याचं काम भुतापेक्षा जास्त चांगलं केलंय, आणि म्हणूनच तो प्रश्न इतका सलतो. किशनलाल मेला की आत कुठेतरी आहे, हे सिनेमा सांगत नाही. बाहुल्याही त्यावर काही बोलत नाहीत.

१८. मुलगी कोणाची? आणि 'लुणी' हे नाव का?

मुलगी भुताची आणि लच्छीची. गोष्टीत यावर शंका नाही. भुताला मूल कसं होईल, असं विचारणाऱ्यांना मी सांगतो की उंटांच्या शर्यतीपर्यंत सगळं मान्य केलंत ना, मग हेही करा. गाव तिला किशनलालची म्हणणार, शरीराच्या हिशेबाने शेवटी तेही खोटं उरत नाही. मुलगी मोठी झाल्यावर तिला कोणी सांगेल का, हा प्रश्न एका मैत्रिणीने विचारला होता. सांगणारी लच्छीच असेल, आणि खरं लपवून ठेवलेलं तिला चालत नसणार, एवढा माझा अंदाज.

नावाचं म्हणाल तर लुणी ही मारवाडातली नदी. अजमेरकडच्या अरवलीत उगम पावते, बोरूंदाच्या मुलखातून वाट काढत कच्छच्या रणात जिरते, समुद्राला मिळत नाही. लूण म्हणजे मीठ. बालोतऱ्यापर्यंत तिचं पाणी गोडं असतं, पुढे खारं होत जातं.